जुन्या बारा गिअरच्या रोड सायकलला नवी चेन: मापं, खरेदी आणि जोडणीच्या नोंदी

सायकल: ऐंशीच्या दशकातली, परदेशातून आलेली पोलादी फ्रेम. पुढे ५२ आणि ४२ दात्यांची दोन चेनव्हील, मागे सनटूर या जपानी कंपनीचं सहा चकत्यांचं १४-२८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी बसणारा दातेरी चकत्यांचा गठ्ठा. गिअरचे खटके खालच्या नळीवर आणि फ्रिक्शनचे, म्हणजे टिकटिक नाही, हाताच्या अंदाजाने ओढायचे. मागच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे चाकाचा धुरा बसतो त्या फ्रेमच्या दोन खाचांमधलं, अंतर १२६ मिमी. इंडेक्स खटके, म्हणजे प्रत्येक गिअरला टिक करून थांबणारे, असतील तर काही गोष्टी बदलतात. त्या त्या जागी लिहिल्या आहेत.

६ ऑक्टोबर २०२४

तक्रार दोन प्रकारची. चढावर जोर दिला की मागची सगळ्यांत लहान चकती चेन सोडते आणि पायडल झटका खाऊन पुढे जातं. शिवाय पुढच्या चेनव्हीलवरून चेन चढायला वेळ घेते.

चेन न काढता मोजली. स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर लावली आणि २४ कड्या पुढच्या पिनचा मध्य पाहिला. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी असतं, कारण गिअरची असो वा साधी, सायकलच्या चेनचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंचच. इथे भरलं ३०८.५ मिमी. ३०६.४ मिमीला, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाइतकी वाढ झाली की चेन बदलायची असते. ३०८च्या पुढे गेली की तिने चकत्याही खाल्लेल्या असतात. ही चेन त्याच्याही पुढे आहे, तेव्हा खर्च फक्त चेनवर थांबेल असं धरून चालू नये.

चेनची प्लेट ताणत नाही. पिन आणि ती ज्यात फिरते ते भोक झिजतं, आणि शंभरावर सांध्यांतली ती झीज एकत्र होऊन चेन लांब होते. झिजायचं कारण नाशिकजवळच्या गिरणारे रस्त्यावर उघड दिसतं. पावसाळ्यात द्राक्षबागांतून ट्रॅक्टर बाहेर पडतात, काळी माती डांबरावर येते, ती सुकून तेलकट चेनला चिकटते आणि त्या लेपाची चांगली पॉलिश पेस्ट होते.

दुकानात मिळणारा चेन चेकर, म्हणजे झीज मोजायची पट्टी, लावूनही पाहिला. बहुतेक चेकर दोन रोलरना, म्हणजे पिनांभोवती फिरणाऱ्या नळ्यांना, विरुद्ध दिशांना ढकलतात, त्यामुळे रोलरची ढिलाईही झीज म्हणून मोजली जाते. कोऱ्या चेनलाही काही चेकर थोडी झीज दाखवतात ते यामुळेच. पट्टी स्वस्त आहे आणि खोटं बोलत नाही.

७ ऑक्टोबर

चेन काढली. पिना प्लेटच्या बाहेर स्पष्ट आलेल्या होत्या, त्यामुळे चेन कटरने पिन ढकलणं सोपं गेलं. या पिढीच्या चेन अशाच, पिन परत ढकलून जोडायच्या. नव्या चेनला हा हिशेब लागू नाही, ते पुढे येईल.

आता मापं. चेन विकत घेताना हाच भाग कामाचा, म्हणून सविस्तर.

पिनची पूर्ण लांबी, म्हणजे चेनची बाहेरून बाहेर रुंदी: ७.८ मिमी. आतली रुंदी, जिच्यात दाता बसतो: इंचाचे ३/३२, साधारण २.४ मिमी. चकतीची जाडी: २.१ मिमी. चकत्यांमधलं अंतर काढताना एकेक फट मोजत बसू नये, व्हर्नियरची टोकं नीट बसत नाहीत. सगळ्यांत लहान चकतीच्या बाहेरच्या तोंडापासून सगळ्यांत मोठीच्या बाहेरच्या तोंडापर्यंत मोजावं आणि पाचाने भागावं. २७.५ भागिले ५, म्हणजे ५.५ मिमी. हे जुन्या सहा चकत्यांच्या फ्रीव्हीलचं नेहमीचं माप. सनटूरचंच ‘अल्ट्रा’ जातीचं फ्रीव्हील असेल तर सहा चकत्या दाटीने बसवलेल्या असतात, म्हणून ‘सहा गिअर’ एवढ्यावर विसंबू नये, मोजावंच.

यावरून चेन शेजारच्या चकतीला घासेल का ते कागदावरच कळतं. ५.५ मिमीतून चकतीची अर्धी जाडी, १.०५ मिमी, वजा केली की शेजारच्या चकतीचं तोंड ४.४५ मिमीवर येतं. ७.८ मिमीच्या चेनची अर्धी रुंदी ३.९. उरली अर्ध्या मिमीहून थोडी जास्त जागा, चालतं. ७.१ मिमीची चेन घेतली तर जवळजवळ ०.९ मिमी उरते, म्हणजे आरामात. हाच हिशेब सात चकत्यांच्या फ्रीव्हीलवर करून बघावा. तिथे अंतर ५ मिमी आणि चकत्या १.८५ मिमीच्या. ७.८ मिमीच्या चेनला बाजूला जेमतेम ०.२ मिमी राहते आणि ती सतत किरकिरते. सात चकत्यांना जुनी रुंद चेन नको, ती यासाठी.

मग सगळ्यांत अरुंद चेन घ्यावी का? नाही. नऊ चकत्यांची चेन बाहेरून ६.६ मिमीच्या आसपास, पण आतून फक्त २.२ मिमी. २.१ मिमीच्या जुन्या चकतीवर ती घट्ट बसते, कधी दात्यांच्या माथ्यावरच राहते. शिवाय जुन्या दुहेरी चेनव्हीलमधली फट रुंद असते. अरुंद चेन त्या फटीत उतरून अडकू शकते, आणि अडकली की पायडल मोकळं फिरतं.

निष्कर्ष: ६-७-८ गिअर असं लिहिलेली, ७.१ ते ७.३ मिमीची, आतून ३/३२ची चेन.

९ ऑक्टोबर

बाजार. या नोंदीतलं सगळ्यांत उपयोगी वाक्य आधीच: दुकानात किंवा ऑनलाइन ‘बारा गिअरची चेन द्या’ म्हणू नये. आपण पुढच्या दोन आणि मागच्या सहा चकत्यांचा गुणाकार सांगतो. विकणारा आता फक्त मागच्या चकत्या मोजतो. बारा म्हटलं की आजच्या बारा चकत्यांच्या कॅसेटची ५.३ मिमीची चेन समोर येते, किंमतही कितीतरी पट, आणि या सायकलवर ती निरुपयोगी. जुन्या ‘दहा गिअर’च्या, म्हणजे दोन गुणिले पाचच्या सायकलींचंही तेच. ‘मागे सहा’ एवढंच सांगावं.

शहरातल्या जुन्या दुकानांत दुसरी गंमत. गिअरची चेन मागितली तरी पाकिटातून साध्या सायकलची १/८ची चेन निघते. आतून ३.२ मिमी, बाहेरून ९ मिमीच्या आसपास, शेजारच्या चकतीवर सरळ चढते. ओळखायला व्हर्नियर लागत नाही: जोडकडीला, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीला, घोड्याच्या नालासारखी स्प्रिंग क्लिप असेल तर ती चेन परत द्यावी. ती क्लिप एकटीच शेजारच्या चकतीला खटखट आपटते.

समोर आलेले पर्याय: शिमानो सीएन-एचजी४०, केएमसीची झेड८ मालिका, आणि एका ठिकाणी स्राम पीसी-८३०. तिन्ही चालतात. खरी निवड दोन गोष्टींवर. एक, बाहेरच्या प्लेटच्या कडा आतून छाटलेल्या किंवा फुगवलेल्या आहेत का. सपाट प्लेटची चेन चकतीवर उशिरा चढते. दोन, पाकिटात जोडकडी आहे का. एचजी४० काही पाकिटांत जोडकडीसह येते, काहींत फक्त जोडपिन असते, म्हणून पाकीट वाचून घ्यावं. इथे एचजी४० घेतली, ११६ कड्यांची, सुमारे ८५० रुपये. जोडकडी वेगळी, केएमसीची ७.३ मिमीची, सव्वाशे रुपये. नऊ गिअरची जोडकडी ‘बसेल की’ म्हणून हातात ठेवली जाते. ती या पिनांवर पूर्ण बसत नाही, घेऊ नये.

निकेल चढवलेली महाग चेन या फ्रीव्हीलवर घालायचं कारण दिसलं नाही. गंज कमी लागतो हे खरं, पण झिजते ती पिन, आणि पिनला मातीपासून वाचवायचं काम तेलफडक्याचं.

इंडेक्स खटके असलेल्यांसाठी: १९८४ नंतरच्या शिमानो एसआयएस, म्हणजे इंडेक्स पद्धतीच्या, संचांत ही निवड जास्त जपून करावी. फ्रिक्शनमध्ये हात थोडा जास्त ओढून सांभाळून घेतो, खटका नाही घेत.

१२ ऑक्टोबर, दसरा

काम बंद. चेन कटर, पाने आणि व्हर्नियरला झेंडूची फुलं. व्हर्नियरच्या जबड्यातून हळद काढायला मात्र ब्रश लागला.

१५ ऑक्टोबर

चेनची लांबी. जुनी चेन शेजारी टांगून नवी तेवढीच कापायची, ही पद्धत झिजलेल्या चेनला लावू नये. ३०४.८ वर ३.७ मिमी म्हणजे १.२ टक्के वाढ. १०८ कड्यांच्या चेनवर ती १६ मिमीहून जास्त भरते, आणि एक कडी १२.७ मिमीची. म्हणजे टांगून मापलं तर कड्यांचा हिशेब चुकणारच. कड्या मोजाव्यात, आणि मोजलेल्यावरही विसंबू नये, कारण आधीच्या कुणीतरी ती चुकीची कापलेली असू शकते.

हिशेबाने: चेनस्टे, म्हणजे पायडलच्या धुऱ्याच्या मध्यापासून मागच्या धुऱ्याच्या मध्यापर्यंत, ४१५ मिमी, १६.३ इंच. त्याची दुप्पट ३२.७. अधिक मोठ्या चेनव्हीलच्या दात्यांचा चौथा भाग १३. अधिक मोठ्या चकतीचा चौथा भाग ७. अधिक १. बेरीज ५३.७, वरच्या पूर्ण इंचाला ५४. इंचाला दोन कड्या, म्हणून १०८.

प्रत्यक्ष पडताळा: चेन डिरेलरमधून, म्हणजे तिला एका चकतीवरून दुसरीवर हलवणाऱ्या भागातून, न घेता मोठ्या चेनव्हीलवरून मोठ्या चकतीवर गुंडाळली, जिथे टोकं मिळतात तिथून दोन कड्या जास्त. तेही १०८. दोन्ही जुळले म्हणून कापली. ५२-२८ ही जोडी वापरायची नसते हे सगळे सांगतात, पण चेन तेवढी लांब ठेवावीच. घाईत हात तिथे जातोच, आणि चेन आखूड असेल तर डिरेलरचा हँगर, म्हणजे तो जिथे टांगतात तो कान, वाकतो. जुन्या पोलादी फ्रेमचा हँगर बहुधा फ्रेमचाच भाग असतो, बदलून मिळत नाही.

कापताना: जोडकडी वापरायची म्हणून दोन्ही टोकांना आतली, म्हणजे अरुंद कडी राहिली पाहिजे. पिन पूर्ण बाहेर काढावी. या चेनच्या पिनांची टोकं कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. तीच पिन परत ढकलली तर प्लेटचं भोक मोठं होतं आणि चढावर चेन तिथेच उघडते. जुन्या चेनवर चालणारी सवय इथे महागात पडते.

बसवली. स्टँडवर सुंदर फिरते. रस्त्यावर, अशोक स्तंभाकडच्या जेमतेम चढालाही, १४ आणि १६ दोन्हींवर उडते. १८ वरही जोर दिला की एखादा झटका. म्हणजे आधी फक्त लहान चकती सोडत होती, आता तीन.

हे नव्या चेनमधला दोष म्हणून परत घेऊन जाऊ नये. जुनी चेन आणि जुन्या चकत्या बरोबरीने झिजून एकमेकांना सांभाळत होत्या. नवी चेन बरोबर अर्ध्या इंचावर दाता शोधते आणि तो तिथे नाही. खात्री करायची रीत: मोकळी नवी चेन चकतीच्या अर्ध्या घेरावर ठेवून दोन्ही टोकं ताणायची. चांगल्या चकतीवर रोलर दात्याच्या मुळाशी बसून राहतात. १४ वर ते दात्याच्या तिरक्या पाठीवरून वर सरकताना डोळ्यांनी दिसले. २४ आणि २८ ठणठणीत. पुढचं ५२ चेनव्हील तपासायला चेन पुढून ओढली; दात्याच्या मुळाशी उजेड दिसला नाही, म्हणजे चेनव्हील राहील.

सुट्या चकत्या मिळाल्या असत्या तर तीनच बदलून भागलं असतं, जुन्या सनटूरमध्ये ती सोय आहे. पण त्या चकत्या आता जुन्या साठ्यातच सापडल्या तर सापडतात. फ्रीव्हील बदलायचं.

१९ ऑक्टोबर

फ्रीव्हील काढणं. चेनपेक्षा जास्त वेळ यात गेला.

या सनटूरला दोन खाचांचा रिमूव्हर लागतो. शिमानोचा बारा दात्यांचा रिमूव्हर सगळीकडे मिळतो, पण तो इथे बसत नाही. दोन खाचांचा पुण्याहून मागवावा लागला, ४५० रुपये. घेण्यापूर्वी फ्रीव्हीलच्या तोंडात टॉर्च मारून खाचा मोजाव्यात: दोन की चार.

फ्रीव्हील उलट्या दिशेने, घड्याळाच्या विरुद्ध सुटतं. पण प्रत्येक चढावर पायडलने ते आणखी आवळलं गेलेलं असतं, त्यामुळे हातातल्या पान्याने हलत नाही. आदल्या रात्री धाग्यात भेदक तेल सोडलं. पहिल्या झटक्याला रिमूव्हर खाचेतून निसटला आणि खाचेची कड गोल झाली. दोन खाचांचा रिमूव्हर मोकळा धरून लावू नये, हे त्याच क्षणी दिसतं. आणखी एकदा निसटला असता तर फ्रीव्हील फोडून काढावं लागलं असतं.

चाललेली पद्धत: धुऱ्यावरचा लॉकनट रिमूव्हरला आड येत असेल तर आधी तो काढायचा. रिमूव्हर खाचेत बसवून क्विक रिलीजची सळई त्यातून घालून हलक्या हाताने आवळायची, म्हणजे रिमूव्हर उसळत नाही. मग अंबडच्या एका वर्कशॉपमधल्या मोठ्या व्हाइसमध्ये रिमूव्हर पकडला आणि चाक वरून दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवलं. कडकन आवाज होऊन पाव आटा सुटला. इथेच थांबून सळई ढिली करावी. तशीच फिरवत राहिलं तर बाहेर येणारं फ्रीव्हील सळई ताणून तोडतं.

हबचे धागे ब्रशने साफ केले. ते ॲल्युमिनियमचे आहेत आणि फ्रीव्हीलचे पोलादी, तेव्हा वाकडं बसवलं तर खराब होणार ते हबच. नवं फ्रीव्हील शिमानो एमएफ-टीझेड५००, सहा चकत्या, १४-२८, सुमारे ६५० रुपये. धागा १.३७ इंच, इंचाला २४ आटे. बहुतेक जुन्या इंग्लिश, इटालियन आणि जपानी हबना तो चालतो. जुन्या फ्रेंच हबचा धागा ३४.७ मिमीचा असतो. त्याच्यावर हे जबरदस्तीने घुसवलं तर हब गेला. आधी माप घ्यावं.

धाग्यांना ग्रीस भरपूर, कारण पुढच्या वेळीही हे उघडायचं आहे. हाताने शेवटपर्यंत फिरलं पाहिजे. आवळायला पाना नको, पहिला चढ ते काम करतो.

२० ऑक्टोबर

चाक लावलं. १४ वरची चेन ड्रॉपआउटच्या आतल्या कडेला घासत होती. नवं फ्रीव्हील जुन्यापेक्षा किंचित बाहेर येतं. धुऱ्यावर उजव्या बाजूला १ मिमीची वॉशर घातली, घासणं थांबलं. त्यामुळे रिम मध्यापासून अर्धा मिमी डावीकडे गेली; उजव्या बाजूच्या तारा किंचित ओढून ती परत आणली. ब्रेकच्या रबरांमधून बघितलं की ही चूक ओळखता येते.

डिरेलरचे दोन्ही मर्यादा-स्क्रू नव्याने लावले. आधी बाहेरचा, चेन १४ वर असताना, जॉकी चाक, म्हणजे डिरेलरमधलं वरचं छोटं चाक, चकतीच्या सरळ रेषेत. मग आतला, २८ वर. आतल्या स्क्रूत कंजूषी करू नये. चेन २८ ओलांडून तारांत गेली तर तारा तुटतात आणि डिरेलरही आत ओढला जातो. फ्रिक्शन खटक्यांना अडवायला काही नसतं, त्यामुळे हा स्क्रूच शेवटची भिंत.

एक कडी आखडलेली निघाली. कटर लावलेल्या जागेच्या शेजारचीच. स्टँडवर पायडल उलटं फिरवलं की जॉकी चाकाजवळ ती उडी मारताना दिसते. तेल घालून ती सुटत नाही, कारण प्लेट पिनवर दाबली गेलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी चेन बाजूला, आडवी वाकवली, दोनदा इकडे आणि तिकडे. सुटली.

२७ ऑक्टोबर

चाचणी त्र्यंबक रस्त्यावर, अंजनेरी फाट्याकडे. सलग मंद चढ आहे, उभं राहून जोर देता येतो. ४२-१४ पासून ५२-२४ पर्यंत एकही झटका नाही. चेन मागे चढायला जुन्यापेक्षा झटपट, कारण नव्या चकत्यांच्या माथ्यांना तिरकी छाट आहे. खटका आधीसारखा जास्त ओढून परत थोडा मागे घ्यायची सवय होती. आता तसं केलं तर एक गिअर जास्त उडतो. हात बदलावा लागतो.

४२-१४ वर चेन खाली लोंबते. दाते मोजून डिरेलरची लागणारी क्षमता काढली: पुढे ५२ वजा ४२, १०, मागे २८ वजा १४, १४, एकूण २४. ही क्षमता डिरेलरमध्ये असूनही लोंबत असेल तर त्याची स्प्रिंग थकली आहे. त्या जोडीत चालवू नये, एवढाच उपाय पुरतो.

पुढचा डिरेलर ५२ वर घासतो. नवी चेन अरुंद आहे, तेव्हा घासणारी चेन नव्हे, पिंजऱ्याची आतली पट्टी वाकलेली आहे. पक्कडने कापड लावून सरळ केली.

तेल: कारखान्यातून आलेलं दाट ग्रीस धुवू नये. डिझेलमध्ये बुडवली की ते सांध्यातून निघून जातं आणि पातळ तेल तिथवर तसं पोचत नाही. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली, कारण धूळ बाहेरच्या थरालाच बसते. पुढे रोलरवर एकेक थेंब, पायडल मागे फिरवून, आणि मग पुसून जवळजवळ कोरडी दिसेपर्यंत. गॅरेजमधलं जुनं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून घालू नये, त्यात आधीच धातूचा भुसा असतो. शिलाई मशिनचं तेल चालतं, फक्त लवकर उडतं.

खर्च, सुमारे: चेन ८५०, जोडकडी १२५, फ्रीव्हील ६५०, रिमूव्हर ४५०, वर्कशॉपचे ५०, तेल आणि वॉशर मिळून २००. एकूण २,३२५. चेन ३०६.४ मिमीला बदलली असती तर यातलं फ्रीव्हील, रिमूव्हर आणि वर्कशॉप, ११५० रुपये, खर्च झालेच नसते.

२४ नोव्हेंबर

पट्टी पुन्हा लावली. २४ कड्या ३०४.८ वर, नजरेला फरक नाही. जोडकडी हाताने तपासली, खाचेत पूर्ण सरकलेली आहे. १४ ची चकती चेनच्या रेषेत. उजव्या बाजूच्या दोन तारा ढिल्या वाटल्या, त्या पाव आटा आवळल्या. पुढचं मोजमाप होळीनंतर, धुळीचे महिने सुरू होताना.